बाळाचे कान आणि बाळाचे बोल

मूल वर्षाच्या सुमारास बोलूं लागतें, असें घरोघरीं मानतात. परंतु त्या बोलण्याचा आरंभ त्याच्या कानांत होतो, आणि तोहि जन्मापूर्वीं. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत आईचा आवाज त्याला ऐकूं येत असतो.

१९८४ सालीं जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनीं कॅनडांतील इंग्रजी घरांतल्या मुलांना हिंदींतील 'त' आणि 'ट' ऐकविले. ६ ते ८ महिन्यांच्या मुलांना त्यांतील भेद कळला. वर्ष भरतां भरतां मात्र ती शक्ति मावळली. जो भेद घरांत कानीं पडत नाहीं, तो कान सोडून देतो. मराठी बाळाला मात्र एका 'ताट' शब्दांतच हे दोन्ही वर्ण रोज मिळतात!

दोन महिन्यांचें बाळ हुंकार देऊं लागलें, कीं आईबापांनीं त्यास उत्तर द्यावें आणि मग क्षणभर थांबावें. हें थांबणेंच महत्त्वाचें. त्यांतून बाळाला आपली पाळी कळते. न्हाऊं घालतांना बाळाशीं गप्पा मारणारी आजी हें काम न शिकतां करीत असते. दिवसभर चालू ठेवलेला रेडिओ किंवा मोबाइल तें करूं शकत नाहीं, कारण यंत्र बाळाचें ऐकून घेत नाहीं.

पण कानच अधू असला तर? येथें पुष्कळ आईबाप फसतात. जन्मतः बहिरें मूलहि प्रथम हुंकार देतें, हसतें. त्यामुळें कोणास शंका येत नाहीं. सातव्या-आठव्या महिन्यांत इतर मुलें 'बाबा', 'दादा' अशीं अक्षरें घोळवूं लागतात, तेव्हां तें मागें पडतें. मग वडील मंडळी म्हणतात, "याचा बापहि उशिराच बोलला." कोणी वेखंड उगाळून चाटवितात. कोणी पाठीमागें थाळी वाजवितात; मूल वळतें आणि सर्वांचें समाधान होतें. परंतु थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, सावली डोळ्यांना दिसते, आणि मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलास साधें बोलणें ऐकूं येईलच असें नाहीं. अशीं मुलें पुढें वर्गांत 'लक्ष न देणारीं' म्हणून बोलणीं खातात. शिक्षकांनाहि हें शोभणारें नाहीं.

नवजात बाळ झोपेंत असतां कानांत लहानशी बोंडी ठेवून यंत्रानें तपासणी होते. तीस कांहीं मिनिटें लागतात, वेदना होत नाहींत. ही तपासणी पहिल्या महिन्यांत, शंका आल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत, असा क्रम तज्ज्ञांनीं ठरविला आहे. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ६ महिन्यांच्या आंत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांहून पुष्कळ सरस आढळली. उपायहि आहेत: श्रवणयंत्र, कांहीं मुलांना कानांतील शस्त्रक्रिया, आणि खुणांची भाषा. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था या कामासाठींच आहे.

जन्माच्या वेळीं कान चांगले ठरले, तरी मेंदुज्वरानें ते पुढें बिघडूं शकतात. म्हणून ९ महिन्यांचें मूल नांवानें हांक मारली असतां वळत नसेल, तर वाढदिवसाची वाट न पाहतां पुन्हां तपासणी करावी, आणि तिचा कागद लसींच्या कार्डाजवळच ठेवावा.