पडसें आणि जस्ताची गोळी

औषध घेतलें तर पडसें सात दिवसांत जातें आणि न घेतलें तर त्याला आठवडा लागतो, ही डॉक्टरांवरील थट्टा जुनीच आहे. परंतु ज्यानें ती प्रथम केली त्यानें नकळत संशोधनांतील एक खरी अडचण बोलून दाखविली आहे. जो रोग आपल्या पायांनींच निघून जातो, त्याला आपण घालविलें असें कोणतेंहि औषध म्हणूं शकतें. सुंठीचा काढा तसें म्हणतो, वेखंडाचा लेप म्हणतो. आणि गेलीं चाळीस वर्षें जस्ताची गोळीहि तसेंच म्हणत आली आहे.

हा विषय आज घेण्यास एक बाई कारण झाल्या. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाला पूर्वीं जुलाब झाले होते, तेव्हां मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर रोज २० मिलिग्रॅम जस्त चौदा दिवस देण्यास कोणा डॉक्टरांनीं सांगितलें होतें. तें योग्यच होतें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं २००४ सालीं लहान मुलांच्या जुलाबांवर तशीच शिफारस केली आहे. चौदा दिवस संपले, जुलाब थांबले. पण जस्तानें सर्दी होत नाहीं असें शेजारीं कोणी सांगितल्यावरून बाईंनीं ती गोळी पुढें चार महिने चालू ठेविली. "डॉक्टर, जस्त म्हणजे कांहीं विष नव्हे ना?" असें त्यांनीं विचारिलें. तेथें त्यांना दोन वाक्यांत दिलेलें उत्तर येथें जरा विस्तारानें देतों.

आपल्या बादल्यांवर व छपराच्या पत्र्यांवर ज्याचा मुलामा असतो तोच हा धातु. प्रौढ माणसाच्या शरीरांत तो सारा मिळून दोन-तीन ग्रॅम असतो. पण तो कमी पडला तर वाढ खुंटते व रोगप्रतिकाराची शक्ति उणावते. ही गोष्ट जगाच्या नजरेस आणण्याचें श्रेय मुख्यत्वें बिहारमधील बक्सर येथें जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांना आहे. इराणमधील शिराझ येथें वाढ खुंटलेले तरुण पाहून त्यांनीं १९६१ सालीं त्यांविषयीं लिहिलें, आणि पुढें अमेरिकेंत डेट्रॉइट येथें ते आयुष्यभर या एका धातूचा पाठपुरावा करीत राहिले. त्यांची गांठ आपल्याला पुन्हां पडेल.

पडशाशीं मात्र जस्ताचा संबंध जोडला तो एका लहान मुलीनें. टेक्सस राज्यांतील ऑस्टिन शहरीं जॉर्ज ईबी नांवाचे गृहस्थ राहत. ते डॉक्टर नव्हते. त्यांची मुलगी दुर्धर आजारानें अंथरुणाला खिळली होती व ते तिला जस्ताची गोळी देत असत. एकदां पडशानें बेजार असतां तिनें गोळी गिळण्याऐवजीं तोंडांत घोळवून चोखली, आणि पडसें कांहीं तासांतच नाहींसें झालें, असें ईबी सांगत. आपल्याकडे एवढ्यावर एखादा रामबाण उपाय जाहीर झाला असता! ईबी यांनीं दोघां सहकाऱ्यांसह रीतसर प्रयोग केला व तो १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. दर दोन तासांनीं २३ मिलिग्रॅम जस्ताची गोळी चोखणाऱ्या ३७ जणांपैकीं शेंकडा ८६ जण सात दिवसांत बरे झाले होते. नुसती दिखाऊ गोळी चोखणाऱ्या २८ जणांत हें प्रमाण शेंकडा ४६ होतें. पडशाच्या मुख्य विषाणूची, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसची, वाढ जस्ताचे सुटे आयन रोखतात, हें प्रयोगशाळेंत १९७४ सालींच दिसून आलें होतें. तेव्हां गोष्ट अगदींच निराधार नव्हती.

मग वाद कोठें आला? वाद चवीपाशीं आला. जस्ताची चव वाईट असते. तुरट, धातूसारखी, जिभेवर रेंगाळणारी. औषधाच्या परीक्षेंत खरी गोळी कोणाला मिळाली व दिखाऊ कोणाला, हें रोग्याला कळतां कामा नये. कळलें कीं मन कामाला लागतें. आणि पडसें मोजावयाचें कसें, तर रोग्याच्याच सांगण्यावरून! तोंड कडवट झालेला मनुष्य मनांत म्हणतो कीं आपल्याला खरें औषध मिळालें, आणि त्याचें नाक खरोखरच मोकळें वाटूं लागतें. १९९६ सालीं क्लीव्हलंड येथील रुग्णालयांतील १०० नोकरांवर जो प्रसिद्ध प्रयोग झाला त्यांत जस्तवाल्यांचें पडसें ४.४ दिवस टिकलें व इतरांचें ७.६ दिवस, पण वाईट चवीची तक्रार पहिल्यांत शेंकडा ८० जणांनीं केली, दुसऱ्यांत शेंकडा ३० जणांनीं. चव लपवावी म्हणून गोळींत सायट्रिक आम्ल घातलें तर तें जस्ताला बांधून टाकतें आणि सुटे आयन उरतच नाहींत. गोळी रुचकर करावी तर औषध निकामी, औषध मोकळें ठेवावें तर गोळी ओळखूं येते. या कात्रींत हें सारें संशोधन सांपडलें आहे.

त्यामुळें निकाल आलटून पालटून येत राहिले. १९९८ सालीं शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, तेव्हां कांहींच लाभ दिसला नाहीं. २००० सालीं डॉ. प्रसाद यांनीं जस्ताच्या अ‍ॅसिटेट क्षाराच्या गोळ्या दिल्या, तेव्हां पडसें ८.१ दिवसांवरून ४.५ वर आलें. हेलसिंकी विद्यापीठांतील हॅरी हेमिला यांनीं जस्ताच्या बाजूनें पुष्कळ लिहिलें होतें. २०२० सालीं त्यांनीं स्वतःच प्रयोग केला, निकाल विरुद्ध गेला, आणि त्यांनीं तो जसाचा तसा छापिला. मला या गृहस्थांविषयीं आदर वाटतो.

२०२४ सालीं कॉक्रन या संस्थेनें ३४ प्रयोग, मिळून ८,५२६ माणसें, एकत्र तपासलीं. पडसें होऊंच नये म्हणून जस्त घेण्याचा जवळजवळ कांहीं उपयोग नाहीं, असें तिला आढळलें. झालेलें पडसें जस्तानें सुमारें दोन दिवस आधीं आटोपत असेल, पण त्याविषयींची खात्री फार कमी. मळमळ व तोंडाची वाईट चव मात्र अधिक. शिवाय नांवाजलेल्या प्रयोगांतील गोळी दर दोन-तीन तासांनीं चोखावयाची असे आणि ती पडशाच्या पहिल्या दिवशींच सुरू करीत. करोनाच्या दिवसांत आपण पाण्याबरोबर जी गोळी गिळत होतों ती निराळीच बाब होती.

नाकांत मात्र जस्त कोणत्याहि रूपानें घालूं नये. येथें मी 'बहुधा' असा शब्द वापरणार नाहीं. १९३७ सालीं टोरोंटो येथें बालपक्षाघात टळावा म्हणून मुलांच्या नाकांत झिंक सल्फेटचा फवारा मारला. बालपक्षाघात टळला नाहीं आणि कित्येकांचें घ्राणेंद्रिय गेलें. हा धडा विसरून जस्ताचीं नाकांत घालावयाचीं औषधें पुन्हां बाजारांत आलीं, आणि २००९ सालीं अमेरिकेच्या औषध-खात्याला त्यांविरुद्ध लोकांस सावध करावें लागलें. वास घेण्याची शक्ति गेली म्हणजे पदार्थाची रुचि तर जातेच, पण जळणारें दूध व गळणारा गॅसहि कळेनासा होतो.

आतां त्या मुलाविषयीं. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठीं अमेरिकेंत ठरविलेली जस्ताची कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम आहे, आणि तींत अन्नांतलेंहि आलें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चौदा दिवस ती ओलांडणें वेगळें, चार महिने ओलांडणें वेगळें. जस्त जास्त झालें म्हणजे आंतड्यांतून तांबें नीट शोषलें जात नाहीं. तांबें कमी पडलें कीं पंडुरोग होतो, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात; म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीसाठीं गोळी दिली तीच उणावते. मीं गोळी बंद करविली व मुलाचें रक्त तपासून घेतलें. सुदैवानें तें ठीक होतें.

बाई निघतांना दारांतून परत वळल्या. घरीं अजून दोन पाकिटें शिल्लक होतीं, त्यांचें काय करावें असें त्यांनीं विचारिलें. मीं सांगितलें, वेष्टनावरची तारीख पाहा. गेली नसेल तर ठेवून द्या, आणि पुन्हां जुलाब लागले तर मला विचारून द्या. त्या वेळीं मात्र जुलाब थांबले म्हणून मध्येंच सोडूं नका, चौदा दिवस पुरे करा.