खारीच्या मागे कॅमेरा घेऊन

(गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला माणूस. भाषण हा माझा प्रांत नाही. पण यंदाच्या फोटो स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले आणि सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, नव्या कॅमेऱ्याबद्दल चार शब्द बोलाच." त्या कॅमेऱ्याची किंमत सौभाग्यवतींनी कॉलनीभर सांगितलेलीच आहे, तेव्हा तो विषय सोडतो.

या कॅमेऱ्याला मिररलेस म्हणतात, म्हणजे आरसा नसलेला. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असतो. बटण दाबले की तो खटकन वर उठतो, मग पडदा उघडतो. माणसाला त्या आवाजाचे काही वाटत नाही, पण पाच-सहा हातांवरची खार पहिल्या 'खटक'लाच खोडाच्या पलीकडे. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावले तर आवाजही नाही. आरसा काढलेले आणि लेन्स बदलता येणारे कॅमेरे पॅनासॉनिकने २००८ साली बाजारात आणले. प्राण्यांचा डोळा आपणहून शोधणारा फोकस मात्र २०१९च्या सुमारास आला. खारीसाठी खरी सोय ही दुसरी. खार एका जागी दोन सेकंद टिकत नाही, आणि डोळा धूसर आला तर बाकी फोटो कितीही चांगला असो, फुकट.

आता यातली खोच ऐका. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जाते. धावत्या गाडीच्या खिडकीतून मोबाईलने फोटो काढला की ओएचईचे खांब तिरके दिसतात ना, तोच प्रकार. उडी मारणारी खार अशीच वाकडी येते. तेव्हा उडीसाठी मेकॅनिकल शटर आणि वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग. बसून खाणाऱ्या खारीला पाचशेवा पुरतो, पण शेपटी हलली की हजारावा हवा. जाता जाता सांगतो, आरतीच्या फोटोंवर काळे पट्टे येतात तेही यामुळेच. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवा, पट्टे बहुधा जातील.

आपल्या जबलपूरच्या कॉलनीत दिसते ती पाच पट्ट्यांची खार. रामाने पाठीवरून तीन बोटे फिरवली ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण ती तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडची. इथली मुले पट्टे मोजतात आणि विचारतात, "काका, बाकीची दोन कोणाची?" याचे उत्तर माझ्याकडे नाही, कीर्तनकार बुवांकडे असेल.

फोटोसाठी सकाळी ऊन तिरके असताना बसावे. खारीच्या मागे धावू नये. ती ज्या फांदीवर रोज येते ती हेरून पाठ भिंतीला टेकवून बसावे. पंधरा-वीस मिनिटांत ती तुम्हाला विसरते. उजळ आकाशापुढे खार काळी पडते, तेव्हा एक्स्पोजर एक घर वाढवावे. या कॅमेऱ्यात त्याचा परिणाम बटण दाबण्याआधीच डोळ्यासमोर दिसतो. आणि खारी शेपटी झटकत एकसारखी चिकचिक करू लागल्या तर कॅमेरा आजूबाजूला फिरवा. मांजर, साप किंवा शिक्रा, काहीतरी नक्की आलेले असते. माझा शिक्र्याचा एकुलता एक बरा फोटो खारींनीच मिळवून दिला आहे.

तिची थोरली बहीण म्हणजे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले ते मुख्यतः तिच्यासाठी. पण तिला पाहायला इतक्या लांब जायला नको. पिपरियाला उतरून पचमढीला जा, सातपुड्याच्या जंगलात ती आहे. शेपटीसकट जवळजवळ तीन फूट, एका झेपेत वीस फूट जाते, जमिनीवर क्वचितच उतरते. भ्याली तर पळण्याऐवजी फांदीला चिकटून निपचित पडते. नवख्याला वाटते, वा, छान पोझ दिली! ती पोझ नव्हे, भीती आहे. अशा वेळी दोन फोटो काढून मागे सरावे.

आता परीक्षक म्हणून एक कडू विषय. यंदा आलेल्या फोटोंत दोन फोटो खारीच्या पिल्लांचे होते, डोळेही न उघडलेल्या. एक तळहातावर, एक काळ्या कापडावर. फोकस उत्तम, उजेड उत्तम. मी दोन्ही बाद केले. एक सहकारी रागावले, म्हणाले, "अहो, पिल्लू परत ठेवलं होतं!" ठेवले असेल. पण माणसे झाडाखाली उभी असेपर्यंत आई घरट्याकडे फिरकत नाही, आणि तेवढ्या वेळात कावळा येऊ शकतो. पुढच्या वर्षीच्या नियमांत घरट्यातला आणि हातातला प्राणी नको, असे लिहावे ही माझी समितीला विनंती आहे. बिस्किटे टाकून काढलेल्या फोटोंवर बंदी घाला असे म्हणत नाही, ते फार होईल. मी गुण मात्र कमी देतो.

मला खारीचे फार कौतुक आहे असे समजू नका. तिचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून ती सारखी काहीतरी कुरतडते. सिग्नलच्या लोकेशन बॉक्समध्ये उंदीर-खारींनी केबल कुरतडली की सिग्नल लाल, गाडी उभी, आणि रात्री दोन वाजता फोन मला. पण त्यावर उपाय केबलची भोके नीट बुजवणे हा आहे, झाड तोडणे नव्हे.

झाडावरून आठवले. मंडपासाठी कडुनिंबाची जी फांदी तोडायची होती, तिच्यात घरटे आहे. मंडपवाल्याने तक्रार केली, वर्गणीदारांनी विचारले, तरी समितीने मंडप चार हात सरकवला. आज डावीकडच्या रांगेला खांब आड येतो आहे तो त्यामुळे. त्या रांगेतल्या मंडळींनी फोटो पाहायला उजवीकडे यावे. आणि बाळूदादा, तेवढे पुढचे दिवे बंद करा. पहिला फोटो त्याच फांदीवरचा आहे. आई तोंडात कापूस धरून चालली आहे, आणि तो कापूस, वहिनी, बहुधा तुमच्या गादीतला आहे.