मोटारीच्या रंगांत रुतलेलें लोखंड

वसई-विरार भागांतील मोटारवाल्या कुटुंबांना एक प्रश्न वारंवार पडतो. गाडी धुऊन, पुसून कोरडी केली, तरी पांढऱ्या रंगावरचे बारीक तांबूस ठिपके जात नाहींत, आणि वरून बोटें फिरविलीं तर पृष्ठभाग कांचकागदासारखा खरखरीत लागतो. हे बहुधा लोखंडाचे सूक्ष्म कण असून ते रंगाच्या थरांत रुतून बसलेले असतात.

हें लोखंड येतें कोठून? १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली आणि पुढें या गांवांचें जीवन रुळांभोंवतीं वाढलें. चाक व रूळ यांच्या घर्षणानें लोखंडाची भुकटी उडते व लगत उभ्या असलेल्या वाहनांवर बसते. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत ग्राइंडर चालतो, तेव्हां तापलेल्या ठिणग्या रंगांत शिरतात. शिवाय मोटारीच्या ब्रेकची बिडाची डिस्क झिजून तिची भुकटी तिच्याच अंगावर उडते. समुद्राचें मीठ पाण्यांत विरघळून धुतलें जातें. लोखंड मात्र तेथेंच राहतें, आणि खाऱ्या, दमट हवेनें लवकर गंजतें.

अशा वेळीं काथ्या, भांड्यांची पूड किंवा रॉकेल यांकडे हात जातो, आणि नुकसान होतें तें येथेंच. कारखान्यांतून येणाऱ्या रंगाची एकंदर जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक थर सुमारें ४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. तो एकदां घासून गेला कीं पुन्हां येत नाहीं.

योग्य रीत अशी. गाडी सांवलींत उभी करावी व पत्रा थंड होऊं द्यावा. प्रथम मोटारीच्या शांपूनें धुऊन घ्यावी. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पृष्ठभाग चांचपावा; उघड्या हातास न कळणारा खरखरीतपणा पिशवींतून स्पष्ट कळतो. जेथें तो लागेल तेथें ‘आयर्न रिमूव्हर’ फवारावा. त्यांतील थायोग्लायकोलेट हें द्रव्य लोखंडाशीं संयोग पावून जांभळें होतें व कण सैल करतें. त्यास उग्र दुर्गंधी असते. म्हणून हातमोजे घालून, उघड्या हवेंत हें काम करावें. बाटलीवर सांगितलेल्या वेळेंत, फवारा सुकण्यापूर्वीं, भरपूर पाण्यानें धुऊन टाकावें.

उरलेल्या कणांसाठीं ‘डिटेलिंग क्ले’ नांवाची लुकणासारखी मऊ वडी मिळते. जपानच्या ताडाओ कोदाते यांना अशा लवचीक साधनाबद्दल १९९५ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. वडींत अत्यंत बारीक घर्षक द्रव्य असतें. म्हणून कोरड्या रंगावर ती कधींही फिरवूं नये. शांपूच्या पाण्यानें पृष्ठभाग निसरडा ठेवून, हातभर जागेवर, सरळ रेषेंत, बोटांच्या हलक्या दाबानें ती फिरवावी. खरखर थांबली कीं पुढें सरकावें. वडी मळकट झाली कीं दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. ती जमिनीवर पडली तर फेंकून द्यावी. चिकटलेला वाळूचा एक कण सारा पत्रा ओरबाडूं शकतो.

त्यानंतर गाडी धुऊन लगेच पुसावी, कारण बोअरच्या जड पाण्याचे थेंब सुकले तर क्षारांचे डाग राहतात. शेवटीं मेणाचा हात द्यावा. त्यामुळें नवे कण सहज चिकटत नाहींत. जेथें रंग तडकला आहे किंवा गंज पत्र्यापर्यंत पोंचला आहे, तेथें मात्र हा उपाय करूं नये. तें काम रंगाऱ्याचें.

वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, एवढें पुरे. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या वाहनपूजेआधीं, त्यास सोयीचा काळ असतो. एरवीं गाडी रुळांपासून शक्य तितकी दूर उभी ठेवावी, म्हणजे घासण्याचे प्रसंगच कमी येतील.