वेळेवरची सही





राजपत्रित अधिकारी महासंघाने 'पगारात भागवा' ही हाक पूर्वीच दिली आहे. आज मला तिच्या पुढचे बोलायचे आहे. एक पैसाही न घेणारा अधिकारी फाइल दाबून ठेवत असेल, तर त्याच्याही दाराशी दलाल उभा राहतो.

लाच पुष्कळदा हक्काच्या कामासाठीच द्यावी लागते. अर्जदाराला एक त्रुटी दाखवली जाते. ती पूर्ण करून आणली की दुसरी निघते, जी पहिल्याच दिवशी दिसत होती. मग नस्तीवर शेरा पडतो, 'चर्चा करावी'. कोणाशी, कधी, ते लिहिलेले नसते. तिसऱ्या खेपेला व्हरांड्यातले कोणीतरी कानाशी लागते, 'साहेबांकडे आपली ओळख आहे.' साहेबांना याची खबरही नसेल. पण हा व्यवहार जुळतो तो त्यांच्या टेबलावर अडकलेल्या कागदामुळेच.

या परिषदेसाठी आपण राज्यभरातले अधिकारी-कर्मचारी जिथे जमलो आहोत, त्या नवी मुंबईने विलंबाची किंमत मोजली आहे. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात, जासई-नवघर परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. प्रत्यक्ष भूखंड हाती येईपर्यंत मात्र कित्येक घरांत पिढी बदलली. वारस नोंद, पात्रता, वाटप अशा टप्प्यांवर ताटकळलेल्या अनेकांनी आपला वाटा आधीच विकून टाकला. थकलेला माणूस पडेल त्या भावाने विकतो.

याच शहरातल्या दिघ्यात उलटे घडले, तिथे थांबवण्यात उशीर झाला. तिथल्या अनधिकृत इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली हातोडा पडला आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. पाया खणला जात असतानाच बांधकाम थांबवले असते, तर ती पुंजी वाचली असती.

हा विलंब रोखायला कायदा कमी पडतो असे मला वाटत नाही. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सांगतो, की नस्ती एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांना मुदत घातली आणि विनाकारण विलंबासाठी ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही दोषी ठरतो. मात्र ज्याला ती देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आपल्या कार्यालयांत ठळक लावा. स्वच्छ माणसाला त्या पाटीची भीती नसते.

शासनालाही एक विनंती आहे, अधिकाऱ्याचा ठरलेला पदावधी पाळावा. त्याच २००५ च्या कायद्याने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईचे महापालिका आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर महापालिकेने १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास व्यक्त केला. मार्च २०१७ मध्ये, वर्ष पुरे होण्याआधी, त्यांची बदली झाली. त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. पण पदावधीची शाश्वती नसेल, तर ठाम निर्णय घेण्याचे धैर्य खालच्या अधिकाऱ्याने कुठून आणायचे?

मित्रांनो, परत गेल्यावर चार गोष्टी करा. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा. चर्चेचा शेरा मारलात तर शेजारी तारीख घाला. नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्या. आणि दर सोमवारी प्रलंबित नस्त्यांची यादी स्वतः वाचा. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. सही आपली आहे, ती वेळेवर करा.