उंबरठ्यावरचा तराजू



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्याकडून पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर चार शब्द ऐकायला मिळतील, अशी तुमची अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही परीक्षेविषयी बोलणार आहोत. मुलाला पुढचे शिक्षण झेपेल की नाही, हे हायस्कुलात असतानाच पाहणारी ही परीक्षा. आमचे स्वतःचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे फाटक कोणासाठी उघडते आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न आम्हांला जिव्हाळ्याचा आहे.

अशा व्याख्यानमालांची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. हेच रानडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला, अशी आपली समजूत पुढे झाली. मुळात ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. कॉलेजातले व्याख्यान याच्या डोक्यात उतरेल काय, एवढेच तिला पाहायचे होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने, मुंबई राज्यात शालान्त परीक्षेचे स्वतंत्र मंडळ आले. शाळा पुरी करणे आणि कॉलेजाला लायक ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आज दहावी-बारावी होऊनही सीईटी, नीट वगैरे परीक्षांचे उंबरठे मुलांपुढे उभे असतात, ते यामुळेच.

या उंबरठ्यांना पाठ दाखवणारी माणसे आपल्याच मावळात होऊन गेली. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाड्यास चालत होते. सरकारी साच्याबाहेरचे, हाताला उद्योग देणारे राष्ट्रीय शिक्षण द्यावे, हा त्यांचा बाणा. सरकारने १९१० साली ते विद्यालय बंद पाडले. विजापूरकरांचा आक्षेप आजही विचार करण्याजोगा आहे. परीक्षा ज्याच्या हातची, शिक्षणही त्याच्याच मर्जीचे होते. आणि जे परीक्षेत येत नाही, ते शिकवायचे शिक्षक विसरून जातो.

आक्षेप खरा. पण आम्ही विचारतो, परीक्षा काढून टाकली तर निवड कशाने होईल? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी लेखी परीक्षा नव्हती. जॉबरची मर्जी हीच परीक्षा. त्याच्या घरी कोणी काय पोचवले, तो कोणत्या गावचा, यावर साच्यावरची जागा ठरे. १९३५ साली बदली कामगारांची रीतसर नोंद सुरू झाली, तेव्हा कोठे जॉबरच्या हातातली किल्ली थोडी सैल झाली. नियम कोरडा असतो, पण तो सर्वांना सारखाच कोरडा असतो. गरिबाला वशिल्यापेक्षा तराजू परवडतो. मात्र तराजूचा काटा सरळ आहे की नाही, हे पाहण्याचा हक्क त्याने सोडता कामा नये.

आता एक चालू तराजू पाहू. २००८ साली केंद्र सरकारने आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. शाळांतून तिला एनएमएमएस म्हणतात. आपल्या राज्यात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना ती देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. प्रश्नपत्रिका दोन. पहिली बौद्धिक क्षमतेची, तीत संख्यांच्या मालिका, आकृत्या, विसंगत घटक ओळखणे असले प्रश्न. दुसरी शालेय क्षमतेची, तीत विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. प्रत्येकीत ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. ज्या घरात चौदाव्या वर्षी पोराला हॉटेलात किंवा गॅरेजात लावण्याची भाषा सुरू होते, त्या घरात हे पैसे बारावीपर्यंतचा वेळ विकत घेतात. कॉलेजाच्या दारापर्यंत पोचायला आधी तो वेळच हवा असतो.

मिनिटाला एक प्रश्न, हा हिशेब नीट ध्यानात घ्या. आमच्या लेथवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कोणी त्याच्याकडून पूर्ण उत्पादन मागत नाही. आधी यंत्राची ओळख, मग वेग. पण खेड्यातले मूल उत्तरपत्रिकेवरचे गोल काळ्या पेनाने भरायचे असतात हे प्रथम परीक्षेच्या दिवशीच पाहते. प्रश्न येत असतो, पण हात चाचरतो. अशा वेळी मोजली जाते ती बुद्धी नव्हे. मोजला जातो सराव. शहरातल्या शिकवणीत हा सराव पैसे टाकून मिळतो. आपल्या हायस्कुलात तो फुकट मिळाला पाहिजे, आणि मिळू शकतो. चार रविवार, एक घड्याळ, जुन्या प्रश्नपत्रिका आणि शांत बसवणारा एक माणूस, एवढेच भांडवल लागते.

दुसरी अडचण वाटेची. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ येथल्या वाड्यांपासून परीक्षेचे केंद्र लांब पडते, सकाळची एस.टी. चुकली की वर्ष चुकले. लोणावळ्याची तऱ्हा आणखी निराळी. परीक्षा बहुधा रविवारी, आणि रविवारी तर हवा खायला आलेल्यांची झुंबड. चिक्कीच्या दुकानात, हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या आईबापांना त्याच दिवशी रजा नाही. मुलाला केंद्रावर पोचवणार कोण? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडगावच्या तहसील कचेरीत जायचे, म्हणजे रोजंदारीचा एक खाडा; कागद अपुरा निघाला तर दोन. अशा तऱ्हेने पुष्कळ मुले परीक्षेत नापास होत नाहीत, ती परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. निकालाच्या यादीत त्यांची नोंद कोठेही होत नाही.

तराजूने काय मोजता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१६ साली राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा इत्यादी क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे, ते पाहावयाचे होते. हेतू चांगला. पण ज्या मुलीने प्रयोगशाळा आतून पाहिली नाही, तिला प्रयोगशाळेची ओढ कशी लागावी? आवड पाहण्यातून उपजते. तेव्हा चाचणीच्या आधी मुलांना कारखाना, धरण, दवाखाना, न्यायालय दाखवा, आणि मग विचारा. नाहीतर कागदावर उमटतो तो मुलाचा कल नसून त्याच्या वस्तीचा नकाशा असतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. परीक्षेने दार उघडावे. लावायचे काम तिच्याकडे देऊ नये. आठवीत निवड झाली नाही म्हणजे मूल कमअस्सल, असे शिक्षकाने वा बापाने एकदाही म्हणू नये. आणि निवड झाली म्हणजे काम संपले असेही नाही. शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, बँकेचे खाते चालू ठेवावे लागते, दहावीला ठरलेले गुण मिळवावे लागतात. यातली एक कडी तुटली तर पैसा थांबतो.

याला उपाय काय? प्रत्येक युनियनने आपल्या सभासदांच्या आठवीतल्या मुलांची यादी जूनमध्येच करावी. एका कार्यकर्त्याने सर्वांचे कागद एकदम तयार करून कचेरीत न्यावेत, म्हणजे वीस घरांचे वीस खाडे वाचतील. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी सरावासाठी रविवारी वर्ग उघडून द्यावा. आणि परीक्षेच्या सकाळी गावात ज्याच्या दारात गाडी आहे, त्याने ती चार तास मुलांसाठी सोडावी.

हे अवघड वाटते काय? याच मावळात, तळेगावी, १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतला पैसा फंड त्यामागे होता. सामान्य माणसाने एकेक पैसा द्यायचा आणि त्यातून देशाचा उद्योग उभारायचा. आज आम्ही पैसाही मागत नाही. वर्षातली एक सकाळ मागतो. येत्या जूनपूर्वी ज्यांना ती देता येईल, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी येऊन आपले नाव आणि वाडी लिहून द्यावी. वही आम्ही बरोबर आणली आहे.