हत्यार कोणाच्या मालकीचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावरच्या लेखनसाधनांवर काय बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. पण हत्याराचा मालक कोण, हा आमचा जुनाच प्रश्न आहे. तोच आज या नव्या हत्याराला विचारावयाचा आहे.

आमचे एक हस्तपत्रक जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेले होते. छापखान्यातल्या संगणकावर ते उघडले, तो ‘हक्क’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा खच! त्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसविलेले असत. फाँट नाही, तर मराठीही नाही. युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. तरी जोडाक्षर पडद्यावर नीट उमटविण्याचे काम उरतेच. जगातल्या सर्व भाषांची पाने दाखवावयाची म्हणून ब्राउझरला ते शिकावे लागले.

मग तोच ब्राउझर लेखनसाधनाच्या पोटात का बसवू नये? गिटहब कंपनीत ‘अ‍ॅटम’ या एडिटरसाठी २०१३ साली असा सांगाडा तयार होऊ लागला. पुढे त्याचे नाव ‘इलेक्ट्रॉन’ पडले. त्यात क्रोमियम पडदा रंगवितो. वेबपानाला एरवी आपल्या फायलींना हात लावण्याची मुभा नसते. ती ‘नोड’ मिळवून देतो. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड २०१५ साली याच सांगाड्यावर उभा राहिला. एकदा लिहिलेले काम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि वेबपाने बनविणारा साधा कारागीरही त्यात दुरुस्ती करू शकतो.

याची किंमतही आहे. चाळीत सामाईक नळ असताना प्रत्येकाने खोलीत स्वतंत्र टाकी बांधावी, तसा असा प्रत्येक कार्यक्रम आपला वेगळा ब्राउझर घेऊन येतो. जुना, कमी स्मृतीचा संगणक त्या भाराने दमतो. आणि गरिबाच्या घरी असतो तो जुनाच संगणक.

आता मालकीचे पाहा. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली आणि दोन्ही एडिटर एका घरात आले. १५ डिसेंबर २०२२ रोजी अ‍ॅटम बंद झाला. गिरणीला टाळे लागते तेव्हा यंत्र आत राहते आणि कामगार बाहेर. येथे तसे झाले नाही. अ‍ॅटमची संहिता खुल्या परवान्याखाली होती. स्वयंसेवकांनी ती उचलली आणि ‘पल्सर’ या नावाने पुढे चालविली.

म्हणून आपल्या संस्थेसाठी साधन निवडताना तीन प्रश्न विचारा: मजकूर युनिकोडमध्ये राहतो काय? जुन्या संगणकावर ते चालते काय? मालकाने दार लावले, तर संहिता आपल्या हाती उरते काय? हत्यार फुकट मिळाले, एवढ्याने ते आपले होत नाही.