रुळांकाठचा तराजू

अमेरिकेच्या गव्हाळ मुलखात रेल्वेच्या रुळांलगत धान्याची उंच कोठारे उभी असत. त्यांना तिकडे ‘एलेव्हेटर’ म्हणतात. शेतकऱ्याने आणलेला गहू फिरत्या पट्ट्यावरील बादल्यांतून वर चढे आणि पुढे वाघिणींत उतरे. मात्र वजन, प्रत आणि भाव ठरवी तो कोठारवाला. पीक एकाचे, तराजू दुसऱ्याचा!

या व्यवस्थेविरुद्ध नॉर्थ डाकोटातील शेतकरी १९१५ साली ‘नॉनपार्टिझन लीग’ या संघटनेत एकवटले. समाजवादी पक्षाचे माजी संघटक आर्थर टाउनली यांनी ती स्थापन केली होती. १९१६ मध्ये लीगचे उमेदवार लिन फ्रेझियर राज्यपालपदी निवडून आले. १९१९ मध्ये विधिमंडळाने राज्याच्या मालकीची बँक आणि पिठाची गिरणी व कोठार यांसाठी कायदे केले.

विरोधकांनी आघाडी उघडली. १९२१ मध्ये मतदारांनी फ्रेझियर यांना मुदतीपूर्वीच पदावरून परत बोलावले. तरीही १९२२ साली ग्रँड फोर्क्सची गिरणी सुरू झाली. बँक आणि गिरणी, दोन्ही आजही राज्याच्याच मालकीच्या आहेत.

सत्ता गेली, संस्था टिकल्या. म्हणून कार्यकर्त्यांनी सत्तेचे दिवस मोजू नयेत. त्या दिवसांत तराजू कोणाच्या हाती आला, हे पाहावे.